छोट्या दांड्यावरचा दोरा

“सोमवारपासून दुसरा माणूस बघा. ह्याला आता गाडी वळवताच येत नाही.”

आमच्या नाशिकच्या वर्कशॉपमध्ये ग्राहकांची बसायची खोली आणि माझं टेबल यांच्यामध्ये फक्त एक काच आहे. आत बसलेल्यांना वाटतं, काचेतून आवाज जात नाही. मी कधी कुणाचा हा गैरसमज दूर केलेला नाही. त्यामुळे कोणाच्या घरी कोणत्या रंगावरून भांडण झालं, कोण बायकोला ‘अजून गाडीच मिळाली नाही’ असं सांगून निवांत चहा पीत बसलाय, हे सगळं मला माहीत असतं.

त्या दिवशी फोनवर बोलत होते सुधाकरशेठ, देवळ्याकडचे कांद्याचे व्यापारी. त्यांची डबल केबिनची फोर बाय फोर पिकअप घेऊन वर्षही झालं नव्हतं. आणि ज्याला वळवता येत नव्हती तो एकनाथ नाना, त्यांचा ड्रायव्हर, बाहेर उन्हात गाडीला टेकून उभा होता. आत पंखा होता, खुर्च्या रिकाम्या होत्या. पण शेठ आत बसले होते, म्हणून नाना बाहेर. शेठच्या आई, सगळे त्यांना माई म्हणतात, कोपऱ्यातल्या खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या.

तक्रार मी लिहून घेतली होती. वळणावर गाडी अडते, झटके देते, लांबून जाते. ती सांगून झाल्यावर शेठ म्हणाले होते, “गाडीत काही निघणार नाही, मॅडम. तरी एकदा बघून घ्या, म्हणजे ह्याला बोलायला जागा नको.”

मी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर आहे. म्हणजे ग्राहक जे सांगतो ते मेकॅनिकला समजेल असं लिहायचं आणि मेकॅनिक जे सांगतो ते ग्राहकाला पटेल असं बोलायचं. पहिलं काम मला जमतं. मी इंग्रजी शाळेत शिकले, मग मेकॅनिकल केलं, आणि मुळातच कमी बोलते. मी वाक्य मनात नीट जुळवते, तोवर समोरचा माणूस पुढच्या विषयावर गेलेला असतो. मासिकाच्या या अंकासाठी मला ‘मुलगी असून गॅरेजमध्ये’ असं काहीतरी लिहायला सांगितलं होतं. ते मी लिहिणार नाही. मला वैताग वेगळ्याच गोष्टीचा आहे, तो लिहिते.

मला वैताग आहे छोट्या दांड्याचा.

फोर बाय फोर पिकअपमध्ये गिअरच्या मोठ्या दांड्याशेजारी एक छोटा दांडा असतो. त्याच्यासाठी लोक भरपूर जास्तीचे पैसे मोजतात आणि तो काय करतो हे कोणीही विचारत नाही. गंगापूर रोडचे एक डॉक्टर तो कायम ओढून ठेवायचे, ‘ग्रिप’साठी. त्यांचा प्रवास घर ते दवाखाना. मग त्यांची तक्रार आली की बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वळताना गाडी टुणटुण उड्या मारते, बहुतेक फरशी खराब आहे. मी म्हटलं, सर, दांडा सोडा. ते म्हणाले, “मग मी टू बाय फोर कशाला चालवू?” दुसरे होते इगतपुरीजवळ फार्महाऊस असलेले एक काका. भर पावसाळ्यात भाताच्या बांधावर अडकले आणि तिथून मला फोन केला की तुमची फोर बाय फोर फसवी आहे. दांडा ओढला का, विचारलं. “नाही, तो ओढला की आवाज येतो ना.” म्हणजे जिथे ओढायचा तिथे ओढत नाहीत आणि जिथे सोडायचा तिथे सोडत नाहीत. दोघेही सुशिक्षित. दोघांच्या गाडीत माहितीपुस्तिका होती, प्लास्टिकसुद्धा न फाडलेली.

हे प्रकरण अवघड नाही, म्हणून तर जास्त राग येतो. पंचवटीतल्या एखाद्या अरुंद गल्लीत टेम्पो वळताना बघा. पुढचं चाक कोपरा सोडून लांबून जातं आणि मागचं चाक पायरी घासत आतून येतं. म्हणजे एकाच वळणावर पुढची चाकं जास्त अंतर चालली, मागची कमी. साध्या पिकअपला त्याने काही फरक पडत नाही, कारण इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं. पुढची मोकळी असतात, त्यांना हवं तेवढं फिरतात. छोटा दांडा ओढला की पुढची जोडी आणि मागची जोडी एकमेकींना जखडली जाते. आता दोघींनी सारखंच फिरायचं. काही महागड्या गाड्यांत दोघींमध्ये समजुतीने घेणारी एक जास्तीची यंत्रणा असते. आमच्या पिकअपमध्ये ती नाही.

चिखलात, वाळूत याने काही बिघडत नाही. एखादं चाक जरा घसरतं आणि कमी-जास्त अंतराचा प्रश्न मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही. मग तो पीळ आत साठत जातो. स्टिअरिंग जड होतं. तुम्ही वळवता तेवढी गाडी वळत नाही, सरळ जायला बघते. फार आवळून वळवलं तर उड्या मारते आणि अडते. जेवढं वळण अरुंद तेवढा त्रास जास्त. सरळ हायवेवर यातलं काहीसुद्धा कळत नाही.

शेठची पिकअप मी रॅम्पजवळ घेतली आणि आधी पुढचे टायर बघितले. कडा खाल्लेल्या होत्या, किसणीवर घासल्यासारख्या. मग केबिनचं दार उघडलं.

छोटा दांडा मला दिसलाच नाही. त्याच्या जागी लाल दोऱ्याचा एक खांब होता. खालपासून मुठीपर्यंत वेढ्यांवर वेढे, मध्ये चुनरीचा तुकडा, आणि बुडाशी हळदी-कुंकवाची पुरचुंडी खाचेत घट्ट कोंबलेली. दांडा पुढेही जाणार नव्हता आणि मागेही येणार नव्हता. किल्ली फिरवली तर समोर फोर बाय फोरचा हिरवा दिवा लागला.

नाना खिडकीशी आले. “हात नका लावू, ताई. माईंनी बांधलेला हाय. देवीच्या गडावरचा दोरा हाय तो.”

“हा दांडा कधीपासून असाच आहे?”

“गाडी आली तवापासून.” त्यांनी सांगितलं ते असं. डिलिव्हरीच्या दिवशी सेल्समनने शेठना सगळं दाखवलं, दिवे, वायपर, मग छोटा दांडा ओढून हिरवा दिवा लावून दाखवला. तेवढ्यात माई पूजेचं ताट घेऊन आल्या. सेल्समन बाजूला झाला. पूजा झाली, नारळ फुटला, फोटो निघाले आणि दांडा तसाच राहिला. माईंनी दोरा बांधायला जागा शोधली. मोठा दांडा हलतो, हँडब्रेक हलतो, स्टिअरिंग फिरतं. हा एकच गुणी दांडा गप्प उभा होता. पुढे दर महिन्याला गडावर गेल्यावर एक नवा वेढा.

“तुम्ही शेठना विचारलं नाही कधी?”

“इचारलं ना. म्हटलं, हा पावसाळ्याचा गिअर हाय, काढू का? तर म्हणले, फोर बाय फोर घेतली ती काय शोभेला?” नानांनी दोऱ्याकडे बघितलं. “मला वाटलं, जड गाडी हाय, अशीच चालत असंल. मीबी पहिल्यांदाच चालवतोय असली.”

गडाचा घाट ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं सांगायला नको. इतके दिवस नाना कसंबसं वळवून नेत होते; गेल्या फेरीला एका आवळ वळणावर नानांनी पूर्ण स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ कठड्याकडे गेली आणि झटका देऊन अडली. मागून बस येत होती. नानांनी गाडी मागे घेतली, पुन्हा वळवली, पुन्हा अडली. पुढच्या सीटवर माई देवीचं नाव घेत होत्या. घरी आल्यावर त्या मुलाला फक्त एवढंच म्हणाल्या की गाडी वळत नव्हती, मला भ्या वाटलं. शेठनी त्यातून आपल्याला हवं ते ऐकलं.

“दुसऱ्या दिवशी खळ्यावर गेलो,” नाना म्हणाले. खळं म्हणजे व्यापाऱ्याचं कांदा साठवायचं, भरायचं आवार. “सगळे हमाल होते. शेठ जवळ आले आन् म्हणले, तोंड उघड. माझं तोंड हुंगलं त्यांनी, ताई. सगळ्यांसमोर. मी आयुष्यात कधी घेतली नाय.”

हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. टायरच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “थांबा, बघते.” एवढंच सुचलं.

आमचे फोरमन शिरसाठ साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी पिकअप हायवेला एक फेरी मारून आणली होती, आणि उतरताना दोरा त्यांनीही पाहिला होता. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “रिया, गाडीत दोष नाही असं सांग आणि सोड.”

“सर, दांडा फोर बाय फोरमध्येच अडकलाय.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

“मग काय? गडाचा दोरा आहे. मागे एका पोराने धुताना एकाचं लिंबू काढून टाकलं, तर त्याचे चार पाहुणे येऊन बसले होते इथे. गाडीत दोष नाही. यात खोटं काय आहे?”

यात खोटं काहीच नव्हतं. ही आमच्या धंद्यातली सगळ्यात त्रासदायक गोष्ट आहे. गाडीत दोष नाही म्हटलं की उरतो तो ड्रायव्हर. शेठ हेच वाक्य ऐकायला नाशिकपर्यंत आले होते.

“सर, ते त्यांना काढून टाकणार आहेत. दारू पितो म्हणून.”

“तुला कोणी सांगितलं?”

मी काचेकडे बघितलं. शिरसाठ साहेबांनीही बघितलं आणि कपाळावर हात मारला. “कर काय करायचं ते. पण दोऱ्याला हात लावायचा नाही. आपल्यापैकी कोणीच नाही.”

मी आत गेले. शेठ मोबाईलवर कांद्याचे भाव बघत होते. मी जुळवलेलं वाक्य होतं, ‘सर, तुमच्या गाडीचा फोर व्हील ड्राइव्ह कायम चालू आहे आणि त्यामुळे वळताना अडचण येते.’ मी ‘सर, तुमच्या गाडीचा’ इथपर्यंत पोचले.

“झालं? निघालं का काही?” शेठ म्हणाले. “नाही ना? मी सांगितलंच होतं. तुमचे साहेब कुठे आहेत?”

“फोर बाय फोर चालू आहे, सर.”

“चालूच पाहिजे. त्यासाठीच घेतली.”

“कोरड्या रस्त्यावर वळताना…”

“मॅडम, पहिला ट्रॅक्टर घेतला तेव्हा तुम्ही जन्मल्या नसाल. मला गाडी शिकवू नका. माणूस म्हातारा झाला की त्याला गाडीचा दोष दिसतो.”

नाना काही म्हातारे नव्हते. शेठपेक्षा जेमतेम मोठे असतील. मनात मी त्या माणसाला जे बोलले ते सगळं इंग्रजीत होतं. त्याचा कोणालाच उपयोग नव्हता.

माईंनी डोळे उघडले होते. त्या माझ्याकडे बघत होत्या. “तुनं नाव काय शे, माय?”

“रिया.”

“काय व्हतंय गाडीला? मला सांग. त्याला राहू दे.”

मला सांगता येईल असं वाटेना, म्हणून मी म्हटलं, “बाहेर येता का? दाखवते.”

आमच्या आवारात सिमेंटचं मोठं अंगण आहे आणि कडेला गाड्या धुवायची जागा. मी पाइप घेतला आणि जमिनीवर पाण्याचा पट्टा ओतला. एक साधी, फोर बाय फोर नसलेली पिकअप त्या पाण्यातून नेऊन गोल वळवली. स्वतःच चालवली. कोरड्या सिमेंटवर ओल्या चाकांच्या चार वेगवेगळ्या रेघा उठल्या. पुढच्या बाहेरून, मागच्या आतून.

माई वाकून बघू लागल्या. “ही लांबून गेली. ही जवळून.”

“पुढची चाकं जास्त चालतात, मागची कमी. वळताना.” मी खाली बसून बोटाने दाखवलं. माझ्या मराठीला यापेक्षा जास्त काही लागलं नाही. “तुमच्या गाडीत पुढची आणि मागची एकत्र जखडलीत. ती सारखीच चालायला बघतात. म्हणून अडतं.”

शेठ दारात उभे राहून हसत होते. “पाणी ओतून गाडी तपासतात आता.”

माईंनी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. त्या पिकअपकडे गेल्या आणि पुढच्या सीटवर चढून बसल्या. “एकनाथ, चल. वळव इथं. गडावर वळवली तशी.”

नाना शेठकडे बघायला लागले.

“त्याच्याकडं काय बघतो? मी म्हनते ना.”

नानांनी गाडी अंगणात आणली आणि पूर्ण स्टिअरिंग फिरवलं. अर्ध्या वळणापर्यंत ती कशीबशी आली. मग टायर कण्हले, गाडीने एक उडी मारली, दुसरी मारली आणि गप्प उभी राहिली. आतून माईंचा आवाज आला, “हेच. गडावर हेच झालं.”

आता शेठ हसत नव्हते. ते पायरी उतरून अंगणात आले. शिरसाठ साहेब रॅम्पमागून बघत होते, पुढे येत नव्हते. धुणारी मुलं पाइप बंद करून उभी होती.

मी खिडकीशी गेले. “माई, हा छोटा दांडा सोडायला लागेल. दोरा…” पुढचं वाक्य माझ्याकडे नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं हे कसं म्हणायचं. घरी आमच्याकडे असल्या गोष्टी आईच बघते.

माईंनी दोऱ्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता संपलं. मग त्यांनी विचारलं, “म्हंजे मीच बांधून ठिवली व्हय?”

“तुम्हाला कोणी सांगितलंच नाही.”

त्यांनी हात जोडले, पुटपुटल्या काहीतरी, आणि वेढे सोडायला लागल्या. बराच वेळ लागला. गाठी आवळल्या होत्या आणि त्या कात्री घेऊ देत नव्हत्या. नाना मान खाली घालून बसले होते. सोडलेला दोरा माईंनी पदरात धरला. पुरचुंडी काढली, कपाळाला लावली.

नानांनी दांडा ढकलला. हलेना. एवढा पीळ बसला की तो असाच अडकतो. मी म्हटलं, चाकं सरळ करा आणि गाडी थोडी मागे घ्या. त्यांनी घेतली. खालून खट् असा आवाज आला, दांडा सुटला आणि हिरवा दिवा गेला.

मग नानांनी तीच गाडी, त्याच जागेवरून, एका हाताने वळवली. एका दमात, गोल, आवाज न करता. पूर्ण फेरी मारून ते पुन्हा आमच्यासमोर आले, आणि का कोण जाणे, आणखी एक फेरी मारली.

माई उतरल्या. “आता बांधू कुठं हा?” त्यांनी मला विचारलं. मी आरशाकडे बोट दाखवलं. आमच्या वर्कशॉपच्या नियमात हे बसतं की नाही माहीत नाही. त्यांनी आरशाला एक वेढा दिला, बाकीचा दोरा पिशवीत ठेवला.

इथे सगळं संपायला हरकत नव्हती. मी तर टेबलाकडे निघालेही होते. पण शेठ पुढे झाले, बॉनेटवर थाप मारली आणि शिरसाठ साहेबांना म्हणाले, “केली एकदाची दुरुस्त तुमच्या मुलीने.” मग खिशातून मोबाईल काढला आणि सकाळच्याच माणसाला फोन लावला, “राहू दे रे, नवीन नको बघू सध्या.” सध्या. फोन ठेवून ते नानांकडे वळले. नाना गाडीतून उतरून दाराशी उभे होते, हात पुसत, हाताला काही लागलेलं नसताना.

“चल, नाना,” शेठ मोठ्या मनाने म्हणाले. “झालं गेलं सोडून दे. ह्या वेळी माफ केलं तुला.”

आणि नाना मान हलवत होते. होय म्हणत होते.

मी आजवर काचेच्या अलीकडे बसून खूप काही ऐकलंय. हेही ऐकून घेतलं असतं. पण नानांची ती मान हलताना बघितली आणि या वेळी वाक्य जुळवायला मी थांबलेच नाही. माझा आवाज मलाच जरा मोठा वाटला. धुणारी मुलं, शिरसाठ साहेब, माई, सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

“शेठ,” मी म्हटलं, “माफी तुम्ही मागा. इथे नाही. खळ्यावर, सगळ्यांसमोर.”